डूममधला स्पेक्टर मोठ्या स्क्रीनवर का विरतो?

१९९३चा ‘डूम’ हा संगणकीय खेळ ३२० × २०० पिक्सेलांवर चालायचा. त्यातला स्पेक्टर हा जवळजवळ अदृश्य राक्षस काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यासारखा थरथरतो. तोच खेळ मोठ्या रिझोल्यूशनवर लावला, की काही पोर्टांत (मूळ कोडवरून नव्या संगणकांसाठी केलेल्या आवृत्त्यांत) त्याची नुसती करडी सावली उरते. दोष मॉनिटरचा नाही. मूळ कोडची मोजपट्टीच पिक्सेलांची आणि फ्रेमची आहे.

स्पेक्टरला स्वतःचा रंग नसतो. त्याच्या आकृतीतला प्रत्येक पिक्सेल भरताना कोड स्क्रीनवर आधीच असलेल्या चित्रातला एक ओळ वरचा किंवा खालचा पिक्सेल उचलतो आणि किंचित गडद करून ठेवतो. वरचा की खालचा, हे ५० नोंदींचा ठरलेला तक्ता सांगतो. यादृच्छिक काहीच नाही. भरणे वरून खाली होत असल्याने वरचा पिक्सेल बहुधा आधीच काळवंडलेला असतो, तो उचलला की आणखी गडद होतो. स्पेक्टरच्या अंगावरचे गडद डाग यातूनच पडतात. (पहिली आणि शेवटची ओळ मुद्दाम सोडली आहे, नाहीतर कोड चित्राबाहेरची मेमरी वाचेल.)

१२०० ओळींच्या स्क्रीनवर ‘एक ओळ’ पूर्वीच्या एक षष्ठांश होते. डाग इतके बारीक होतात, की डोळा त्यांना एकत्रच पाहतो. वेगाचेही तसेच. नक्षी दर फ्रेमला बदलते. मूळ खेळात सेकंदाला फार तर ३५ फ्रेम, रडतखडत चालणाऱ्या ३८६ प्रोसेसरच्या जुन्या संगणकावर त्याहून बऱ्याच कमी. बंधन काढून १४४ फ्रेम केल्या, तर थरथर दिसेनाशी होते.

यावर उतारा असा: १६०० × १२००वर ५ × ६ पिक्सेलांचा ठोकळा एक पिक्सेल धरायचा (४:३ मॉनिटरवर जुने पिक्सेल उभटच दिसत), उडी सहा ओळींची घ्यायची आणि नक्षी सेकंदाला ३५ वेळाच बदलायची.

पडदा वितळण्याचा इफेक्ट (दृश्य बदलताना जुने चित्र पट्ट्यापट्ट्यांनी खाली ओघळते तो) मात्र घड्याळाला बांधलेला आहे. संगणक कितीही वेगवान असो, वेळ तितकाच लागतो. त्यात २ पिक्सेल रुंदीच्या १६० उभ्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी ० ते १५ टिक थांबते (टिक म्हणजे सेकंदाचा ३५वा भाग), चार-पाच टिकांत वेग घेते आणि पुढे दर टिकला ८ ओळी घसरते. २०० ओळींना फार तर ४२ टिक, म्हणजे १.२ सेकंद. कोड न बदलता ४०० ओळी केल्या, तर ६७ टिक, म्हणजे १.९ सेकंद, आणि पट्ट्याही निम्म्या रुंदीच्या दिसतात. म्हणून हिशेब २०० ओळींवरच करावा. गुणाकार फक्त चित्र काढताना.