घेरदार झगा आणि गोलंदाजी

वर्षानुवर्षे फिरणारी गोष्ट अशी: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये भावाला सराव देणाऱ्या एका मुलीचा हात घेरदार झग्यात अडकायचा, म्हणून तिने तो खांद्याजवळून आडवा फिरवला आणि ‘राउंड-आर्म’ गोलंदाजी जन्मली.

बहीण भावाला चेंडू टाकत असेलही. अडचण झग्याची आहे. १८०० ते १८१५ दरम्यानची इंग्लिश चित्रे संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहा: छातीखालीच कंबर, तिथून सरळ खाली पडणारा मऊ, अरुंद झगा. पोलादी सांगाड्याचा फुगीर झगा आला १८५६ च्या सुमारास. रुंद कड्यांचा जुना प्रकार गोष्टीतल्या काळात जवळपास राजदरबारापुरताच उरला होता, आणि दरबारी पोशाखात घरी गोलंदाजी कोण करणार?

शिवाय असा हात फिरवण्याचा प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीसच एका पुरुष खेळाडूने केला होता. त्याला तो थांबवायला लावले. नियमांचा इतिहासही चाळावा. १८१६ मध्ये हात कोपराखालीच ठेवण्याची सक्ती झाली, म्हणजे तो वर नेणारे तेव्हा एकापेक्षा जास्त असणार. १८२८ मध्ये कोपरापर्यंत, १८३५ मध्ये खांद्यापर्यंत मुभा मिळाली. खांद्यावरून टाकायला मात्र १८६४ उजाडले.