मिरचीची रोपं घरात करणं

मिरचीचं बी बाहेर वाफ्यात न टाकता खिडकीत, ओट्याच्या कोपऱ्यात नाहीतर एलईडी दिव्याखाली पेरायचं आणि रोप पाच-सहा पानांचं झालं की कुंडीत हलवायचं, अशी ही पद्धत. थंड देशांत हा नाइलाज आहे. मिरची मूळची मेक्सिकोकडची, बर्फाळ रात्र तिला एकदाही सोसत नाही, म्हणून इंग्लंडात लोक जानेवारी ते मार्चमध्ये घरात बी लावतात आणि मे संपता संपता रोपं बाहेर काढतात. आपल्याकडे ती 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि इथलीच होऊन गेली, त्यामुळे थंडीचा प्रश्न फारसा नाही, फ्लॅटवाल्यांची रड असते ती ऊन कमी पडण्याची.

बी विकतच आणायला पाहिजे असं नाही. डब्यातली उन्हात वाळवलेली लाल मिरची फोडली, लवंगी, ब्याडगी काहीही, तरी बरंचसं बी उगवतं, फक्त ती वर्षानुवर्षं पडलेली किंवा भाजलेली नको. हिरव्या मिरचीतलं बी बहुतेक वेळा कच्चंच असतं, त्याच्या नादी लागू नये. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढचं झाड आईसारखं निघेलच याची खात्री नाही. आणि बी काढल्यावर हात डोळ्याला लावू नका, तिखटपणा खरं तर बियांत नसतो, बी जिला चिकटलेलं असतं त्या पांढऱ्या शिरेत असतो, पण तो बियांना फासलेला असतोच.

आता मुख्य गोष्ट. उगवायला ऊब लागते, उजेड नाही, आणि उगवल्यावर उजेड लागतो, तेवढी ऊब नाही. बहुतेकांची रोपं इथेच जातात. ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धा सेंटिमीटर खोल बी, वर प्लास्टिकचं झाकण आणि 25 ते 30 अंश तापमान मिळालं की साध्या जाती आठवडा-दोन आठवड्यांत वर येतात, भूत जोलोकियासारख्या जहाल जाती महिनाभरसुद्धा वाट बघायला लावतात. मी एकदा ट्रे जुन्या फ्रिजवर ठेवला, तिथे छान ऊब असते, आणि कोंब आल्यावर दोन दिवस बघायचंच विसरलो. झाकण काढलं तर पांढरट, दोऱ्यासारखी, बोटभर लांब रोपं एकमेकांवर आडवी पडलेली. एकही वाचलं नाही.

म्हणून पहिला कोंब दिसला की झाकण काढायचं आणि ट्रे थेट खिडकीत, किंवा दिवा रोपांच्या वितभर वर टांगून रोज 14-16 तास चालू. पाणी खालून, बशीत ओतून द्यायचं. वरून रोज शिंपडत बसलं तर बुरशी लागते, देठ मातीलगत काळपट बारीक होतो आणि काल ताठ असलेलं रोप सकाळी मान टाकतं, त्यावर औषध शोधण्यात अर्थ नाही. कोकोपीटमध्ये खायला काहीच नसतं, तेव्हा पहिल्या दोन बीजपानांनंतरची खरी पानं फुटली की थोडं पातळ खत.

पुढे झाड आतच ठेवायचं असेल तर फुलांकडे बघावं लागतं. मिरची स्वतःचं परागण स्वतः करते पण बंद खोलीत ना वारा ना माशी, म्हणून फूल उमललं की सकाळी फांदीला हलकी टिचकी मारायची. एप्रिल-मेच्या उकाड्यात तरीही फुलं गळतात, तेव्हा झाड उपटू नका, गारवा आला की परत धरतं.