दोन कॅमेऱ्यांचा संसार

एक मोठ्या सेन्सरची, फुल फ्रेम कॅमेरा बॉडी आणि तिच्या तीन लेन्स. शेजारी एक लहान सेन्सरची, मायक्रो फोर थर्ड्स बॉडी, तिच्या आणखी तीन. बॅटऱ्या वेगळ्या, चार्जर वेगळे. हौशी छायाचित्रकाराच्या कपाटात असे दोन संसार हळूहळू उभे राहतात आणि एके दिवशी प्रश्न पडतो, यातला एक मोडावा का? उत्तर शोधताना आपण सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या भागाचा, आकार बघतो. मला वाटतं, आधी लेन्सचं छिद्र मोजावं.

फुल फ्रेम म्हणजे 36 × 24 मिलिमीटर. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी चालवून हे माप लायकासाठी घेतलं आणि 1925 मध्ये तो कॅमेरा बाजारात आल्यावर ते रुजलं. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी 2008 मध्ये आणलेल्या मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर 17.3 × 13 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात जवळपास चौपट लहान. म्हणून त्याला प्रकाशही चौपट कमी मिळतो, असं आपण धरून चालतो. पण प्रकाश आत येतो तो लेन्समधून, आणि किती येणार हे तिचं छिद्र ठरवतं.

पक्ष्याचा फोटो घ्या. मायक्रो फोर थर्ड्सवर 300 मिलिमीटर फोकल लेंथची एफ/4 लेन्स लावली, तर छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ-आकडा, 300 भागिले 4, म्हणजे 75 मिलिमीटर. फुल फ्रेमवर तेवढीच चौकट मिळवायला 600 मिलिमीटर लागतात. लेन्स एफ/8 असेल तर व्यास पुन्हा 75. जागा तीच आणि शटरचा वेग तोच ठेवला, तर पक्ष्याकडून आलेला प्रकाश दोन्हीकडे सारखा. पार्श्वभूमीही सारखीच धूसर होते. एकीकडे आयएसओ, म्हणजे फोटो उजळवण्याचा आकडा, 800 आणि दुसरीकडे 3200 दिसेल, पण फोटोतली नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, जवळपास सारखीच असेल.

याचं कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश थेंबाथेंबाने येतो. पावसात सारख्या वाट्या मांडल्या तरी प्रत्येकीत पडलेले थेंब सारखे नसतात. प्रकाशाच्या या थेंबांना फोटॉन म्हणतात. सरासरी 100 फोटॉन आले, तर चढउतार साधारण 10 चा, म्हणजे 10 टक्के. 10,000 आले, तर चढउतार 100 चा, फक्त 1 टक्का. अंधारातल्या फोटोत जे दाणे दिसतात, त्यांचा मोठा वाटा या चढउताराचा असतो. चौपट फोटॉन मिळवले की दाणेदारपणा निम्म्यावर येतो, इतका हिशेब हाताशी असला तरी पुरतो.

तो फायदा घ्यायला छिद्र खरंच मोठं हवं. फुल फ्रेमच्या 600 मिलिमीटर एफ/4 लेन्सचं छिद्र 150 मिलिमीटरचं, आणि वजन तीन किलोच्या आसपास. पहाटे जंगलात ती खांद्यावर घेऊन चालणार नसाल, तर मोठ्या सेन्सरचा तो फायदा कागदावरच राहतो. ट्रायपॉडवरच्या निसर्गचित्राची गोष्ट मात्र वेगळी. तिथे शटर हवं तितकं उघडं ठेवता येतं आणि मोठा सेन्सर भरून ओसंडण्याआधी जास्त प्रकाश साठवतो. आकाश आणि सावली एकाच फोटोत सांभाळताना हा फरक स्पष्ट दिसतो.

अ‍ॅडॉप्टर लावून दोन्हीकडे एकच लेन्स वापरू, असंही सुचतं. माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या एफ माउंटमध्ये 46.5 मिलिमीटर, सोनीच्या ई माउंटमध्ये 18. त्यामुळे जुनी निकॉन लेन्स सोनीवर नळी लावून बसते. उलट दिशेने, मध्ये काच घातल्याशिवाय, दूरचं दृश्य फोकस होत नाही.

आणि हात? कॅननची लेन्स बसवताना घड्याळाच्या दिशेने फिरते, निकॉनची उलट. बहुतेक झूमच्या कड्यांचंही तसंच. बोटांना एक सवय लागली की दुसरी तिच्या आड येते, आणि पक्षी तेवढा वेळ थांबत नाही. उलटं कडं फिरवून मी भरारीचा नेमका क्षण घालवला आहे. अजून हळहळ वाटते.

शेवटी मी वर्षभराच्या फोटोंची माहिती उघडली आणि प्रत्येक फोटोपुढे छिद्राचा व्यास मांडला. लहान कॅमेऱ्यावरची 300 आणि मोठ्यावरची 50 मिलिमीटर एफ/1.8, या दोन लेन्सची कामं कुठेच एकमेकींवर येत नव्हती. दोन्हीकडचे मधले झूम मात्र भरदुपारी, सारख्याच छिद्रावर, सारखेच फोटो काढत होते. त्यातला लहान कॅमेऱ्याचा झूम मी विकला. दोन्ही बॉडी अजून कपाटात आहेत.