हात-पाय-तोंड आजार: मुलाची घरी काळजी
आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तळहात-तळपायांवर लाल पुरळ आलेले मूल घेऊन पालक दुकानात येतात, तेव्हा बहुतेकांना अंगाला लावायचे मलम हवे असते. पुरळ दिसायला भयंकर असले तरी ते आपोआप सुकते. मुलाला खरा त्रास होतो तो तोंडातल्या फोडांचा. गिळताना आग होते म्हणून मूल पाणीही नको म्हणते आणि दोन दिवसांत गळून जाते. त्यामुळे पुरळापेक्षा लक्ष ठेवा ते पोटात किती पाणी जाते आणि लघवी किती वेळा होते यावर.

आजार कोणता?
कॉक्ससॅकी ए१६, ए६ किंवा एन्टेरोव्हायरस ७१ यांसारख्या विषाणूंमुळे हा आजार होतो. संसर्गानंतर साधारण ३ ते ६ दिवसांनी ताप येतो. मग जिभेवर व गालांच्या आतून फोड, पाठोपाठ हात, पाय, गुडघे आणि ढुंगणावर पुरळ. ७ ते १० दिवसांत मूल बरे होते. कांजिण्यांत पुरळ छाती-पोट-पाठीवर जास्त असते आणि खूप खाजते. जनावरांच्या लाळ्या-खुरकुताशी याचा काही संबंध नाही, गोठ्यातून तो मुलाला लागत नाही. ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’ म्हणून आंघोळ बंद करू नका. कोमट पाण्याने रोज घाला, फोड फोडू नका.

ताप आणि दुखणे
पॅरासिटामॉल द्या, पण वजनावर: दर किलोला १५ मिग्रॅ, दोन डोसांत ६ तासांचे अंतर, दिवसात ४ पेक्षा जास्त डोस नाहीत. सर्वांत जास्त गफलत इथेच होते, कारण बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते. १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅ लागते. ते ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेल्या सिरपचे ६ मिली, ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेल्याचे ३ मिली आणि १ मिलीत १०० मिग्रॅ असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड मिली होते. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. मूल ३ महिन्यांपेक्षा लहान असेल तर घरी औषध न देता आधी डॉक्टरांना दाखवा.

जेवणाआधी अर्धा तास हा डोस दिला की दुखणे कमी होते आणि चार घास पोटात जातात.

ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. पावसाळ्यात ताप डेंगीचाही असू शकतो, म्हणून आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड स्वतःहून देऊ नका. आजार विषाणूचा असल्याने अँटिबायोटिक चालत नाही. असायक्लोव्हिर नागीण-कांजिण्यांचे औषध आहे, इथे त्याचा उपयोग नाही. मोठ्यांसाठीच्या तोंडाच्या जेलमध्ये बऱ्याचदा सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्याच जातीचे औषध) किंवा बधिर करणारे औषध असते. ते लहान मुलाच्या तोंडात लावू नका. टंकणखारही नको, तो पोटात गेला तर विषारी असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका.

काय पाजावे?
गार आणि गुळगुळीत: थंड दूध, गार केलेली तांदळाची पेज, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, मऊ दहीभात (दही आंबट नको). लिंबू, संत्रे, टोमॅटो, तिखट, फरसाण काही दिवस बंद. अंगावर पिणाऱ्या बाळाला थोडे-थोडे, वारंवार पाजा. भांडे भरून दिले तर मूल तोंड फिरवते. दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा दिला, तर तासाभरात सहज १०० मिली पोटात जाते.

ओआरएसची मोठी, २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि २४ तासांत संपवा. अर्धी पुडी अंदाजाने टाकली की मिठाचे प्रमाण बिघडते.

लगेच डॉक्टरांकडे
६ ते ८ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, टाळू खोल गेली, ३ दिवसांनंतरही ताप उतरत नाही, सारख्या उलट्या होतात. झोपेत वारंवार दचकणे, चालताना तोल जाणे, सुस्ती, मान ताठरणे किंवा धाप लागणे यांपैकी काही दिसले, तर रात्र असली तरी थांबू नका. एन्टेरोव्हायरस ७१ क्वचित मेंदूवर आणि हृदयावर परिणाम करतो.

घरात पसरू नये म्हणून
सॅनिटायझर या विषाणूवर कमी पडतो. साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवा, विशेषतः डायपर बदलल्यावर, कारण शौचातून विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. खेळणी व फरशीसाठी ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट २० मिली एक लिटर पाण्यात घाला, १० मिनिटे ठेवून साध्या पाण्याने पुसा. द्रावण रोज नवे करा. बाटलीवर १० टक्के लिहिले असेल तर १० मिली पुरे. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. ताप जाऊन फोड सुकेपर्यंत मुलाला शाळेत किंवा पाळणाघरात पाठवू नका.

आजार बरा झाल्यावर बोटांची कातडी निघते, आणि महिन्या-दीड महिन्याने काही मुलांची नखे मुळापासून सुटतात. ती दुखत नाहीत, खालून नवे नख येत असते. सुटलेले नख ओढू नका, अडकत असेल तर कडा कापून घ्या. त्यासाठी कॅल्शियम किंवा टॉनिक घेण्याची गरज नाही.