मसुद्याआधी की मसुद्यानंतर? फ्लोरिडातल्या जनसुनावण्यांची पार्श्वभूमी

फ्लोरिडाची सध्याची राज्यघटना १९६८ची. तिच्या फेरतपासणीची सोय तिच्यातच केलेली आहे. दर २० वर्षांनी ३७ जणांचा आयोग बसतो, जनसुनावण्या घेतो आणि दुरुस्त्या विधिमंडळाकडे न पाठवता थेट मतपत्रिकेवर नेतो. सुनावण्या घ्या, एवढंच घटना सांगते. किती, कुठे, कधी आणि मुख्य म्हणजे कशावर, हे आयोगाच्या हाती.

१९७८मध्ये पहिल्या आयोगाच्या आठही दुरुस्त्या मतदारांनी फेटाळल्या. १९९८मध्ये नवापैकी आठ मंजूर झाल्या. इथला वाद मात्र २०१७-१८च्या आयोगाच्या जनसुनावण्यांचा आहे: लोकांना मसुद्याआधी ऐकायचं की मसुद्यानंतर?

आपल्याकडे 'जनसुनावणी' म्हटलं की प्रकल्पाची पर्यावरण सुनावणी आठवते. केंद्राच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे तिथे किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. प्रत्यक्षात काय होतं ते गावकऱ्यांना विचारा, पण निदान कशावर बोलायचं ते कागदावर असतं. फ्लोरिडातल्या पहिल्या फेरीत लोकांपुढे मसुदाच नव्हता. मार्च २०१७मध्ये आयोग बसला, त्याच महिन्यात दौरा निघाला आणि कामकाजाचे नियम मंजूर झाले जूनमध्ये. म्हणजे आपण सांगितलेल्याचं पुढे काय होणार, हे माइकसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. नागरी संघटनांनी तेव्हाच तक्रार केली होती.

कोऱ्या पाटीवरची सुनावणी मुळात वाईट नाही. लेखणी उचलण्याआधी ऐकलं तर लोकांचे प्रश्न मसुद्यात शिरू शकतात. त्यासाठी नंतरची फेरी मात्र पक्की हवी, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच झाली. २०१८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी फेरी झाली तेव्हा प्रस्ताव सुटे होते. लोक त्या सुट्या प्रस्तावांवर बोलले. त्यांची अंतिम मोट बांधली गेली ती त्यानंतर. २० प्रस्ताव आठ दुरुस्त्यांत बसवले गेले. समुद्रातल्या तेलविहिरींवरची बंदी आणि कामाच्या ठिकाणी ई-सिगारेट ओढण्यावरची बंदी एकाच प्रश्नात आली, आणि मतदाराला एकच 'हो' किंवा 'नाही' उरला. नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या दुरुस्तीला 'एक दुरुस्ती, एक विषय' हे बंधन आहे. आयोगाला ते नाही. त्यामुळे हे सगळं नियमात बसत होतं. पण मतपत्रिकेवर जे छापलं गेलं, त्या रूपावर एकही सुनावणी झाली नव्हती.

शाळांविषयीची एक दुरुस्ती मतदारांची दिशाभूल करते, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेवरून काढली. उरलेल्या सातही मंजूर झाल्या. २००६पासून मंजुरीला ६० टक्के मतं लागतात, हे लक्षात घेता यश मोठंच. तरी मोट बांधण्याबद्दलचा राग ओसरला नाही. विधिमंडळाने आयोगच रद्द करण्याचा प्रस्ताव २०२२मध्ये मतदारांपुढे ठेवला. त्याला निम्म्याहून जास्त मतं मिळाली, पण ६० टक्के गाठता आले नाहीत आणि आयोग वाचला.

पुढचा आयोग २०३७मध्ये बसेल. अंतिम मसुद्यावर सुनावणी घेणं आजही त्याला बंधनकारक नाही.