१ जूनची मुलं

बालगृहातल्या नोंदवह्यांमध्ये एक तारीख वारंवार भेटते : १ जून. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसेल तर मास्तरांनी हीच लिहून मोकळं व्हायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. गावोगावचे कितीतरी आजोबा याच दिवशी जन्मले आणि खऱ्या तारखेवाचून त्यांचं काही अडलं नाही. संस्थेत वाढलेल्या मुलाचं मात्र अडतं. त्या दिवशी अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी तो ‘बालक’ उरत नाही. नागपुरात तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सरत असतो. बारावीचा निकाल लागलेला, कॉलेजचे प्रवेश अजून व्हायचे. खोली बघायला गेलं की घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच. ‘आईवडील कुठे असतात?’ हा असतो.

अशा मुलांना अठरानंतर दिल्या जाणाऱ्या आधाराला सरकारी मराठीत ‘अनुरक्षण’ म्हणतात. मुलं आणि कर्मचारी सरळ ‘आफ्टरकेअर’ म्हणतात. कल्पना नवी नाही, पण ती कायम शेपटासारखी कायद्याच्या मागे लोंबत राहिली.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना, १९२८ मध्ये, या प्रांताने आपला बाल कायदा केला. त्याआधी मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) यांनी केले होते. या कायद्यांचा रोख मुलाला तुरुंगाबाहेर ठेवण्यावर आणि रस्त्यावरून उचलण्यावर होता. तो मोठा होऊन बाहेर पडल्यावर काय, याची फिकीर फारशी नव्हती. अनाथालयं चालवणाऱ्या समाजसेवी मंडळींनी आपल्यापरीने उत्तर काढलं होतं : मुलाला सुतारकाम, शिवणकाम असा हुन्नर, आणि मुलीला स्थळ. शहरातली श्रद्धानंद पेठ आणि तिथलं अनाथालय एकाच नावाचे, इतकं हे काम नागपूरच्या ओळखीचं.

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय समाजकल्याण मंडळाने याच प्रश्नावर सल्लागार समिती नेमली. अध्यक्ष होते समाजशास्त्रज्ञ एम. एस. गोरे. तुरुंगातून, सुधारगृहातून, अनाथालयातून बाहेर पडणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था हवी, हे त्या समितीने १९५० च्या दशकाच्या मध्यातच मांडलं. म्हणजे ‘हा विषय आता कुठे पुढे येतोय’ असं कुणी म्हणालं तर तो सत्तर वर्षांनी मागे आहे.

विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. देशभर मात्र प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, वयाची रेघ निराळी. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेनेच एक कायदा करावा असं सुचवलं आणि त्याच वर्षी बाल न्याय कायदा आला. त्यात मुलगा सोळापर्यंत बालक, मुलगी अठरापर्यंत! सोळाव्या वर्षी दहावीची मार्कशीट जेमतेम हातात येते, एवढा हिशेबही कुणी केला नव्हता. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारल्यावर २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरावर आणलं आणि अनुरक्षणाचं कलमही ठेवलं.

सध्याचा कायदा २०१५ चा, लागू झाला १५ जानेवारी २०१६ ला. त्याचं कलम ४६ म्हणतं की अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला मुख्य प्रवाहात येण्यासाठी आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. ‘द्यावे लागेल’ नव्हे, ‘देता येईल’. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची गाठ या क्रियापदात आहे. २०१६ च्या नियमांनी मुदत एकविसापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसापर्यंत नेली. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. पण हक्क आणि मर्जी यांच्यातलं अंतर रुपयांनी भरत नाही. बालकल्याण समितीचा आदेश, संस्थेने वेळेत केलेला मुलाच्या पुढच्या वाटचालीचा आराखडा, बँक खातं, आधार, यातला एक कागद अडला की मुलगा खोलीवर आणि फाईल टेबलावर.

परदेशी लेखनात हा विषय ‘फॉस्टर केअर’मधून, म्हणजे परक्या कुटुंबात वाढून, बाहेर पडणाऱ्यांचा असतो. आपल्याकडे ती वाट अरुंदच राहिली. बहुतेक मुलं संस्थेतच वाढतात. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना कुटुंबातल्या संगोपनासाठी पैसे देते. रक्कम ४२५ वरून ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपयांवर आली. तीही अठरालाच थांबते, फरक इतकाच की त्या मुलाला निदान काकाचं किंवा आजीचं घर असतं.

राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण दिलं, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. जातीचा दाखला मागणाऱ्या व्यवस्थेत ज्याला जातच ठाऊक नाही, त्याला हा पहिला चालणारा कागद मिळाला.

या सगळ्यात अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अशा मुलांचा आश्रम चालवणाऱ्या शंकरबाबा पापळकरांची मागणी वेगळी आणि अडचणीची आहे. बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतर बाहेर काढूच नका, त्यांना कायम ठेवण्याचा कायदा करा, असं ते वर्षानुवर्षं सांगत आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, कायदा मिळाला नाही. नागपूर रेल्वे स्थानकावर बेवारस सापडलेली मूकबधिर मुलगी त्यांच्याकडे वाढली. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात तिचं लग्न लागलं, तत्कालीन गृहमंत्र्यांनी कन्यादान केलं आणि जिल्हाधिकारी वरपिता झाले. छान सोहळा झाला, पण वाट जुनीच होती : मुलीला स्थळ.

त्यांच्याच आश्रमातली दुसरी मुलगी दृष्टिहीन, जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली. ती २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली आणि तिची नेमणूक नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. वडिलांचं नाव आणि आडनाव म्हणून ती शंकरबाबांचंच लावते.