आगोट: मृगाआधीचं कोकणातलं घर

मे महिना संपत आला की अलिबाग, पेण, रोहा, श्रीवर्धनच्या बाजारात एकच शब्द कानावर पडतो. "आगोट झाली का?" सुकट, जवळा, सोडे, खारे बांगडे, पांढऱ्या कांद्याच्या माळा, मिरची, मीठ, कडधान्यं यांच्या खरेदीला आगोटची खरेदी म्हणतात. वर्तमानपत्रांतही दरवर्षी तिची बातमी येते, फोटोत बहुधा सुक्या बोंबलांचा ढीग असतो. त्यामुळे आगोट म्हणजे फक्त सुकी मासळी अशी अनेकांची समजूत झाली आहे. जुन्या माणसांच्या तोंडी तिचा अर्थ मोठा आहे: मृग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनच्या आसपास, घर छपरापासून चुलीपर्यंत चार महिन्यांसाठी सिद्ध करणं.

एवढा खटाटोप का, याचं उत्तर "पाऊस जोराचा असतो" इतक्यावर संपत नाही. पाऊस जोराचा असतोच. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पण आगोटीच्या मुळाशी पावसाइतकंच तुटलेपण आहे. पावसाळ्यात कोकणातलं गाव बेट व्हायचं. समोरचा समुद्र बंद, मधल्या खाड्यांवरच्या तरींचा भरवसा नाही आणि मागे घाट. एखाद्या घरात हळद संपली तर ती पुढच्या बाजारापर्यंत संपलेलीच असायची.

या तुटलेपणाचा एक सुंदर लेखी पुरावा शिवकाळातला आहे. 1670 च्या दशकात पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका या अंगानं ते पत्र आपण वाचतो आणि ते योग्यच आहे. मात्र कोकणातल्या माणसानं ते आगोटीचं पत्र म्हणूनही वाचावं. दाणा-वैरण आत्ताच मन मानेल तशी उधळलीत तर पडत्या पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, असं महाराज बजावतात. पुढे ते आगीकडे वळतात. चुली, तंबाखू, रात्रीचे दिवे सांभाळा, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि साठवलेलं गवत पेटेल, ही भीती ते नेमकी मांडतात. छप्पर गवताचं, साठा गवताचा आणि महिना वैशाखाचा, असं घर ज्यानं पाहिलं आहे त्यालाच हे सुचेल. पाऊस सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस कोकणातल्या घराला सर्वांत धोक्याचे असायचे, कारण तेव्हाच ते सर्वांत कोरडं आणि सर्वांत भरलेलं असायचं.

आगबोटी आल्या तरी यात फार फरक पडला नाही. मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवणकडे जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असत. मे महिन्यात आलेला चाकरमानी शेवटची बोट गाठून परत जाई आणि त्याच्याबरोबर बाहेरचं जगही जाई. मुंबई-रेवससारख्या जवळच्या फेऱ्या पावसातही चालत. 17 जुलै 1947 ला त्याच मार्गावर रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात समुद्रावर जायचं नाही हा नियम आमच्या आजीच्या पिढीच्या मनात त्या दिवसानं कायमचा कोरला. आज 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते, पण होड्या किनाऱ्यावर ओढून, नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी, म्हणजे झापांनी, झाकून नारळी पौर्णिमेची वाट बघणं त्या कायद्याच्या कितीतरी आधीचं आहे.

हिमाचलातल्या लाहौलच्या लोकांना हे सगळं सांगितलं तर ओळखीचं वाटेल. रोहतांगची खिंड बर्फानं बंद झाली की त्यांचं खोरं महिनोन्‌महिने तुटायचं. म्हणून सरपण रचणं, भाज्या वाळवणं, जनावरांचा चारा भरणं हे सगळं हिवाळ्याआधी उरकावं लागे. 3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा सुरू झाला आणि त्यांचा हिवाळा बदलला. आमच्याकडे तेच काम 26 जानेवारी 1998 ला पूर्णपणे सुरू झालेल्या कोकण रेल्वेनं आणि खाड्यांवरच्या पुलांनी केलं. कणगीत, म्हणजे धान्याच्या बांबूच्या कोठीत, भात नसला तरी आता कुणी उपाशी राहत नाही. रेल्वेला मात्र अजूनही पावसाळी वेळापत्रक लावावं लागतं, गाड्या सावकाश चालवाव्या लागतात.

म्हणजे आगोटीचा पोटाचा भाग हलका झाला. छपराचा भाग तसाच राहिला आणि खरा इतिहास तिथे आहे.

सर्वांत जुनी ती केंबळी घरं. गवत किंवा भाताचा पेंढा, खाली बांबू, भिंती कुडाच्या. दरवर्षी नवं गवत चढवायचं, त्यालाच शाकारणी म्हणतात. हा शब्द पुढे कौलांनाही चिकटला. गवतानंतर ज्याला परवडेल त्यानं कुंभाराचे नळे घातले. नळा म्हणजे उभा चिरलेल्या नळीसारखं कौल. एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. ते कशालाही अडकलेलं नसतं, नुसतं स्वतःच्या वजनावर बसलेलं असतं. वारा त्याला सरकवतो, मांजर सरकवतं आणि माकडांची टोळी आली तर छपराची पाखीच्या पाखी, म्हणजे एक अख्खी उतरती बाजू, विस्कटते. म्हणून नळ्यांचं घर दरवर्षी परतावंच लागे, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवावी लागत.

मग मंगळुरी कौल आलं. फ्रान्समध्ये आल्सेस भागात, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, गिलार्डोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत खाचांनी अडकणारं कौल काढलं होतं. त्याच जातीचं कौल स्वित्झर्लंडच्या बाझल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला बनवायला घेतलं. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती त्यासाठी फार चांगली निघाली आणि पुढे तिथे कारखान्यांची रांगच लागली. या कौलाच्या पाठीला रिपेत, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीत, अडकणारा उंचवटा असतो, कडेला पाणी वाहून नेणाऱ्या खाचा असतात. गवताची आगीची भीती त्यानं घालवली, नळ्यांचं सरकणं कमी केलं. समुद्रमार्गे ते मुंबईपर्यंत पोहोचलं आणि कोकणातल्या गावांचा रंग बदलला. लाल कौलांचं घर हे आज आपण कोकणाचं आदिम चित्र मानतो, पण ते दीडशे वर्षांहून जुनं नाही.

कौलं परतायचा दिवस मी लहानपणी गुहागर तालुक्यात आजोळी दरवर्षी पाहिला आहे. गडी अनवाणी चढायचा आणि पाय फक्त वाशावर पडेल असा टाकायचा. कौलाच्या मधोमध पाय पडला की कौल गेलंच. खाली माजघरात दारं-खिडक्या लावून काळोख करायचे आणि मामा हातात लांब बांबू घेऊन उभा राहायचा. वरून कुठे उन्हाचा कवडसा आला की त्या जागी बांबूनं ठोकायचं, "हय बघ." वरचा माणूस आवाजावरून तिथे येऊन कौल बदलायचा. शेणानं सारवलेल्या जमिनीवरचे कवडसे एकेक करून विझत जायचे. शेवटचा विझला की आजी दार उघडायची आणि वर चहा पाठवायची. आदल्या पावसात जिथे गळलं तिथे भिंतीवर कोळशानं फुली केलेली असायची, ती या दिवशी पुसायची.

छपराइतकंच महत्त्व पश्चिमेच्या बाजूला. तिकडून वाऱ्याबरोबर पावसाची झड येते आणि भिंतींचा जांभा दगड पाणी पितो. चिऱ्याची भिंत ऑगस्टपर्यंत हिरवी होते, आतून हात लावला तर गार ओली लागते. म्हणून पडवीला झापं लावायची. नारळाच्या झावळ्या पाण्यात भिजत घालून, मऊ झाल्या की पाती एकाआड एक विणायची. एक झाप एकच पावसाळा टिकतं, पुढच्या वर्षी तेच चुलीत जातं. त्यातून हवा जाते हा त्याचा मोठा गुण. आता त्या जागी निळी ताडपत्री आली आहे. ती स्वस्त पडते आणि पटकन बांधून होते, पण तिच्याआड पडवी कोंदटते आणि भिंत वाळत नाही.

नंतर स्लॅबची घरं आली. मुंबईत राहिलेल्या माणसानं मुंबईसारखं घर बांधलं, त्यात त्याची चूक नाही. वर्षातून एकदा गावी येणाऱ्याला कौलं परतायला माणूस मिळत नाही, हे खरं आहे. पण सपाट छतावर इतका पाऊस उभा राहिला की ते झिरपतं. म्हणून आज गावोगाव स्लॅबच्या वर पत्र्याची उतरती शेड दिसते. उतार पुन्हा घरावर येऊन बसला, फक्त मातीचा न राहता लोखंडाचा झाला.

3 जून 2020 ला, मृग चार दिवसांवर असताना, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आलं. घरं आगोटीनं भरलेली होती. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यानं पत्रे उडाले, कौलं फुटली, आणि लगेच पाऊस. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीतल्या नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्षाचं धान्य आणि मसाला एका दुपारी भिजला. टाळेबंदीचे दिवस, त्यात पत्रे आणि कौलं मिळेनात. तेव्हा ज्यांनी जुनी उतरवलेली कौलं मागच्या अंगणात रचून ठेवली होती, त्यांची घरं आधी झाकली गेली.

आजोळचं घर त्या वादळातून थोडक्यात वाचलं. मामा आता वर चढत नाही. गेल्या मे महिन्यात त्याचा नातू चढला आणि मी खाली काळोखात बांबू घेऊन उभा राहिलो. अकरा कवडसे मोजले. दहा बुजले, एक चुलीच्या वरचा काही केल्या बुजेना, तिथली रीपच कुजली होती. रीप बदलून होईपर्यंत दोन दिवस गेले. गोठ्यामागे जुनी दीडशे कौलं रचलेली आहेत, त्यांतली सात त्या दिवशी खर्च झाली.